मुलगा दारुड्याची नक्कल करून इतिहास सांगतो, मी काय करू?

आलेलं पत्र थोडं आटोपतं करून देते आहे.

«गेली सतरा वर्षं मी न्यू जर्सीतल्या एडिसन गावात राहते. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकतोय. सासरे साताऱ्याकडे हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. आता निवृत्त आहेत, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत. मुलाला ‘ड्रंक हिस्टरी’ या विनोदी मालिकेचं वेड लागलंय. त्यात माणसं दारू पिऊन इतिहासातली एखादी गोष्ट सांगतात आणि नट तसा वेश करून ती वठवतात. परवा जेवताना त्यानं टेस्ला आणि एडिसन या दोन संशोधकांची गोष्ट तशीच सांगितली, अडखळत, डुलत, मध्येच उचकी देत. शेवटी म्हणाला, ‘एडिसन चोर होता.’ सासरे ‘हा इतिहास नव्हे, ही विटंबना आहे’ म्हणून ताटावरून उठले. मी मुलाच्या हातातून फोन ओढून घेतला आणि इतकी ओरडले की माझाच आवाज मला ओळखू येईना. आता तो आजोबांशी बोलत नाही, माझ्याशी कामापुरतं बोलतो.

खरं कारण घरात कुणाला ठाऊक नाही. माझे वडील प्यायचे. मी बारावीत असताना त्यातच गेले. फक्त नवऱ्याला माहीत आहे. सासरी ‘हार्टनं गेले’ एवढंच सांगितलं होतं, मुलालाही तेच. मी ही मालिका बंद करावी का? की त्याच्याबरोबर बसून बघावी?
— एक आई»

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना ते मालिकेबद्दलचं वाटलं. दुसऱ्यांदा त्या उचकीपाशी थांबले. तुमचा मुलगा एका विनोदी कार्यक्रमाची नक्कल करत होता आणि तुम्हाला त्या जेवणाच्या टेबलापाशी तुमचे वडील दिसले. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं काही असं अचानक समोर आलं, की माणूस ओरडतोच. त्या ओरडण्याबद्दल स्वतःला फार बोल लावू नका. मात्र मुलाला त्यातलं काहीच कळलेलं नाही. त्याच्या लेखी आईनं एका गोष्टीसाठी फोन हिसकावला आणि आजोबा जेवण टाकून उठले. त्याला वाटतंय की आपण इतिहास सांगितला म्हणून हे झालं. हे त्याच्या मनात राहू देऊ नका, कारण पंधराव्या वर्षी इतिहासाची गोष्ट घरच्यांना सांगावीशी वाटणारी मुलं फार नसतात.

आधी मालिकेबद्दल. तुमचं पत्र आल्यावर मी तिचे बरेच भाग पाहिले. तिची सुरुवात मला लक्षात ठेवण्याजोगी वाटते. डेरेक वॉटर्स नावाच्या विनोदी नटाला त्याचा मित्र जेक जॉन्सन एकदा पिऊन ओटिस रेडिंगची गोष्ट सांगत होता. हा गायक १९६७च्या डिसेंबरमध्ये, अवघ्या सव्वीस वर्षांचा असताना, विमान अपघातात गेला. मित्र भान हरपून सांगत होता, शब्द चुकत होते, आणि ऐकताना वॉटर्सच्या मनात आलं, की खुद्द रेडिंग हे ऐकत असता तर? ‘अरे, असं नव्हतं ते!’ म्हणाला असता. त्यातून २००७मध्ये जेरेमी कॉनरबरोबर त्यानं इंटरनेटवर पहिला छोटा भाग काढला, अलेक्झांडर हॅमिल्टन आणि एरन बर या जुन्या अमेरिकी पुढाऱ्यांच्या द्वंद्वाचा. गुलामगिरीविरुद्ध लढणारा फ्रेडरिक डग्लस आणि अध्यक्ष लिंकन यांच्यावरच्या भागाला २०१०मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात लघुपटाचं पारितोषिक मिळालं. मग २०१३ ते २०१९ अशी सहा पर्वं कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर झाली. पुढचं पर्व व्हायचं होतं, पण २०२०मध्ये साथीच्या काळात वाहिनीनं मालिका थांबवली.

हसू कशाचं येतं, ते नीट बघा. बोलणारा अडखळतो, विसरतो, मध्येच भावुक होतो, आणि पडद्यावर पूर्ण पोशाखातला हॅमिल्टन त्याच शब्दांवर, त्याच उचकीवर ओठ हलवत असतो. नटानं ती उचकी पाठ केलेली असते. सांगणाऱ्यानं गोष्ट आधी शुद्धीत वाचलेली असते, ती आवडते म्हणूनच तो ती सांगायला बसतो. कपडे शिवणारे, संकलन करणारे सगळे शुद्धीत असतात. प्यायलेला असतो तो सांगणारा, आणि ज्ञान त्याला बाटलीतून आलेलं नसतं. हे मुलाशी बोलताना उपयोगी पडेल. त्याला जे आवडलंय ते कुणाचं तरी गोष्टीवरचं प्रेम आहे. दारूनं फक्त संकोच गेला. तो संकोच दारूशिवायही जातो, ही गोष्ट तर त्यानं तुमच्या टेबलावर स्वतःच सिद्ध केली. तो पाणी पिऊनच सांगत होता ना.

आणि ‘विटंबना’ हा शब्द मला या मालिकेला लावता येत नाही. तिच्यातला क्लॉडेट कोल्विनचा भाग आजोबांनी पाहावा असं मला मनापासून वाटतं. अलाबामातल्या माँटगोमेरी गावात २ मार्च १९५५ रोजी ही काळी मुलगी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठली नाही म्हणून पोलिसांनी तिला पकडून नेलं. वय पंधरा, तुमच्या मुलाएवढंच. अशाच कारणासाठी रोझा पार्क्स यांची अटक त्यानंतर नऊ महिन्यांनी, १ डिसेंबरला झाली. शाळेच्या पुस्तकात पार्क्स असतात, ही मुलगी बहुतेक नसतेच. माँटगोमेरीतल्या बसमधला भेदभाव ज्या खटल्यामुळे बेकायदा ठरला, त्यात ज्या चार स्त्रिया वादी होत्या, त्यांत कोल्विन होती. हॅरिएट टबमनवरच्या भागात ऑक्टेव्हिया स्पेन्सर आहे. गुलामांना गुपचूप उत्तरेकडे नेणारी टबमन पुष्कळांना माहीत असते. यादवी युद्धात हेरगिरी करणारी, १८६३च्या जूनमध्ये कंबाही नदीवरच्या मोहिमेत वाट दाखवून सातशेच्या वर माणसं सोडवणारी टबमन तितकी माहीत नसते. ज्यांना पुस्तकानं दोन ओळी दिल्या त्यांना या मालिकेनं चांगला वेळ दिला. तुमचा मुलगा हे बघत असेल, तर ते त्याच्याकडून काढून घेण्याचं कारण मला दिसत नाही.

म्हणून बंदी नको. फोन परत द्या. मात्र तुम्ही घरात असताना, बसायच्या खोलीत मोठ्या पडद्यावर ती मालिका लावायची नाही, असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त कारण सांगून सांगा. कारणाकडे मी पुढे येते.

आजोबांचा राग खोटा नाही. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना सनावळी आणि पुरावा शिकवला, त्याला ‘एडिसन चोर होता’ हे एका वाक्यात ऐकवत नाही. पण ते उठून गेले तिथे त्यांच्या हातातली एक उत्तम संधी गेली. ती परत मिळवता येईल, आणि तीही त्यांच्याच शास्त्रानं. बखर आणि पत्र यांतला फरक ते वर्गात शिकवत आले असतील. सभासदानं शिवछत्रपतींची बखर लिहिली ती महाराज गेल्यानंतर पंधराएक वर्षांनी, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. जीव ओतून लिहिलेली आहे, म्हणून आपण ती आजही वाचतो. पण तिच्यातलं वाक्य पुरावा म्हणून घ्यायचं तर दुसऱ्या कागदाशी ताडून घ्यावं लागतं. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. त्या पत्रांसमोर बखरी ठेवून त्यांच्या चुका त्यांनी प्रस्तावनेत दाखवल्या. म्हणून बखरी कुणी जाळल्या नाहीत. आजोबांना एवढंच म्हणा, ‘मामंजी, त्याची ती मालिका म्हणजे बखर समजा. कागद कसा ताडायचा ते तुम्ही त्याला दाखवा.’

टेस्लापासूनच सुरू करता येईल, कारण तुम्ही ज्या गावात राहता त्याचं नावच एडिसन. एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा तुमच्याच गावाच्या हद्दीत होती. १९५४पर्यंत गावाचं नाव रॅरिटन टाउनशिप होतं, मग त्याच्या नावावरून बदललं. टेस्ला मात्र मेन्लो पार्कला त्याच्या हाताखाली नव्हता. तो १८८४मध्ये अमेरिकेत आला तेव्हा एडिसनचा कारभार न्यूयॉर्कला गेला होता. टेस्ला तिथल्या कारखान्यात काही महिने होता आणि सोडून गेला. ‘एडिसननं टेस्लाचे ५०,००० डॉलर बुडवले’ ही गोष्ट सगळीकडे फिरते, तुमच्या मुलाच्याही कानावर असेल. तिचा उगम शोधत गेलं की टेस्लाच्या आत्मकथनापाशी पोचतो. ते १९१९मध्ये एका मासिकात क्रमानं छापून आलं, म्हणजे घटनेनंतर पस्तीस वर्षांनी. आणि त्यात पैसे कबूल करणारा माणूस म्हणून टेस्ला ‘मॅनेजर’ म्हणतो, एडिसनचं नाव घेत नाही. मुलाला ते वाक्य स्वतः शोधून काढू दे. आजोबांनी शेजारी बसून एवढंच विचारायचं, ‘कुणी लिहिलं, कधी लिहिलं, त्याच्या डोळ्यांसमोर घडलं होतं का?’ नातू आजोबांकडून हा प्रश्न शिकला की त्याला पुढे परीक्षेतही तो पुरेल. त्यानंतर गावातल्या त्या मनोऱ्याकडे तिघं चालत जा, ज्याच्या माथ्यावर तेरा फुटांहून उंच काचेचा बल्ब बसवला आहे. एडिसन चोर होता का, यावर तिथे उभं राहून भांडा हवं तर. मला ते भांडण आवडेल.

हॅमिल्टनचं उदाहरण तर याहून मोठं आहे, आणि तेही तुमच्या राज्यातलं. ११ जुलै १८०४ला सकाळी हडसनच्या अलीकडच्या काठावर, वीहॉकेनच्या कड्याखाली, अमेरिकेचा तेव्हाचा उपाध्यक्ष बर आणि माजी अर्थमंत्री हॅमिल्टन समोरासमोर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी हॅमिल्टन गेला. त्याचा मोठा मुलगा फिलिप तीनच वर्षं आधी असाच द्वंद्वात गेला होता. दोघांचे साक्षीदार, हॅमिल्टनचा पेंडलटन आणि बरचा व्हॅन नेस, दोघेही शुद्धीत, दोघेही काही पावलांवर. नंतर दोघांनी मिळून एक निवेदन केलं, शिष्टाचार कसे पाळले गेले ते लिहिलं. पण आधी गोळी कुणी झाडली, यावर त्यांचं एकमत झालं नाही. एक म्हणतो बरनं, दुसरा म्हणतो हॅमिल्टननं. हॅमिल्टननं आदल्या दिवसांत लिहून ठेवलं होतं की आपण पहिली गोळी वाया घालवण्याच्या विचारात आहोत. हे सगळे कागद, दोघांमधल्या पत्रांसकट, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. आजोबांना इंग्रजी वाचनाची सवय असेल तर ते त्यात हरवून जातील. दारूच्या नशेतला सांगणारा चुकतो हे सगळ्यांना दिसतं. न प्यालेले, प्रतिष्ठित, प्रत्यक्ष पाहिलेले दोन साक्षीदार एकाच सकाळबद्दल वेगळं सांगतात, हे नातवानं आजोबांच्या तोंडून ऐकावं.

आता तुमच्या वडिलांकडे येते, ताई.

त्या मालिकेत एक गोष्ट नसते. ती तुम्हाला माहीत आहे, तुमच्या मुलाला नाही. अख्खी रात्र कापून काही मिनिटं केलेली असते. सांगणारा मित्रांमध्ये बसलेला असतो, वॉटर्स शेजारी असतो, कुणीतरी उशी देतं, पाणी देतं. दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यात नसते. दाराची कडी वाजली की घरातल्यांचे चेहरे कसे होतात ते नसतं. पगाराचा दिवस नसतो. तुम्ही त्या सकाळींमध्ये वाढलात. म्हणून तुम्हाला हसू येत नाही, आणि यायला हवं असा आग्रह कुणी धरू नये.

पण मुलाला हे सांगायला हवं. तो पंधराचा आहे. अमेरिकेत एकविसाव्या वर्षाआधी दारू विकत मिळत नसली तरी वर्षा-दोन वर्षांत कुणाच्या तरी घरच्या पार्टीत त्याच्या हातात पेला येईल. दारूचं व्यसन जडण्याचा धोका काही अंशी रक्ताच्या नात्यातून येतो. आईच्या वडिलांना तो आजार होता, ही माहिती त्याच्या कामाची आहे, जशी घरातल्या मधुमेहाची असते. ‘हार्टनं गेले’ असं सांगून तुम्ही वडिलांची अब्रू राखलीत. तेव्हा तुम्ही बारावीतली मुलगी होता, त्या घरात दुसरं काही सांगण्याची सोयच नव्हती. आज तुम्ही आई आहात, आणि हा निर्णय नव्यानं घेता येतो.

कसं सांगायचं? भांडणाला जोडून नको. ‘बघ, तुझ्या त्या मालिकेमुळे’ असं तर मुळीच नको, नाहीतर तुमचे वडील त्याच्यासाठी शिक्षा होऊन बसतील. आधी नवऱ्याशी बोला, म्हणजे त्या दिवशी तुम्ही एकट्या नसाल. मग एखाद्या दिवशी गाडीत, तुम्ही चालवत असताना, तो शेजारी बसलेला असताना सांगा. गाडीत एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि या वयाची मुलं तिथे सगळ्यात जास्त ऐकतात. सुरुवात साधी ठेवा. ‘त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडले ते तुझ्या गोष्टीमुळे नाही. तू दारू प्यायलेल्या माणसासारखा बोललास आणि मला माझे बाबा आठवले. ते खूप प्यायचे. त्यातच गेले. मी तुला दुसरं कारण सांगितलं होतं, ते खरं नव्हतं.’ इथे थांबा. तो गप्प बसला तर बसू द्या. प्रश्न त्या दिवशी येतील किंवा महिन्यानं येतील.

आणि फक्त दारूच सांगू नका. वडील म्हणजे तेवढेच नव्हते. ते काय छान करायचे, कोणतं गाणं गुणगुणायचे, तुम्हाला सायकल कुणी शिकवली, हेही सांगा. पुण्यातलं मुक्तांगण १९८६पासून व्यसनात सापडलेल्या माणसांबरोबर काम करतंय, आणि तिथे व्यसनाला आजार म्हणतात, माणसाला वाईट म्हणत नाहीत. तुमच्या मुलानं आईच्या वडिलांबद्दल असं ऐकलं तर त्याला लाज वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. ‘हे तुझ्या साताऱ्याच्या आजोबांना सांगायचं नाही’ अशी शपथ त्याला घालू नका. तुम्ही सतरा-अठराव्या वर्षी उचललेलं ओझं त्यात त्याच्या पाठीवर जाईल. सासऱ्यांना सांगायचं की नाही, हे तुम्ही नवऱ्यानं मिळून आधीच ठरवा. माझं मत विचाराल तर सांगावं. पुरावा मागणाऱ्या माणसाला खरं ऐकून घ्यायची सवय असते. त्यांनी ताटावरून उठताना ज्या सुनेला पाहिलं तिच्याबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. कळलं असतं तर ते कदाचित उठलेच नसते.

हे सगळं सांगितल्यावर तुमच्या आत बराच गाळ ढवळला जाईल. अमेरिकेत अल-अनॉनच्या सभा जवळपास सगळीकडे होतात. ज्यांच्या घरात कुणी पिणारं आहे किंवा होतं, त्यांच्यासाठी १९५१पासून चालणारी ही मंडळी आहेत. वडील जाऊन कितीही वर्षं झाली असली तरी तिथे जाता येतं, काही न बोलता मागे बसून नुसतं ऐकलं तरी चालतं. एकदा जाऊन या.

तुमचा शेवटचा प्रश्न, बरोबर बसून बघू का? हो, बघा, पण मुलाशी बोलणं झाल्यावर. आणि भाग तुम्ही निवडा. क्लॉडेट कोल्विनचा आधी लावा. मन घाबरं झालं तर मध्येच उठा, आता त्याला कारण माहीत असेल, तो वाईट वाटून घेणार नाही. त्यानं ज्याची नक्कल केली तो टेस्लाचा जुना भाग मात्र तुम्ही बघू नका. त्यात सांगणाऱ्याला उलटी होते आणि ती दाखवलेली आहे. तुम्ही ते पुरेसं पाहिलेलं आहे.

वीहॉकेन तुमच्याकडून गाडीनं तासाभरावर आहे. जिथे द्वंद्व झालं ती कड्याखालची जागा रेल्वेच्या कामात गेली, पण वर रस्त्याच्या कडेला हॅमिल्टनचा अर्धपुतळा आहे आणि त्याच्याजवळ एक मोठा दगड आहे. गोळी लागल्यावर हॅमिल्टननं त्यावरच डोकं टेकलं होतं असं सांगतात. तो दगड तोच का, हा प्रश्न आजोबा पाचव्या मिनिटाला विचारतील. समोर नदी आणि पलीकडे सगळं मॅनहॅटन दिसतं. गोष्ट नातवाला सांगू द्या, त्याला हवी तशी, फक्त उचकी न देता. आजोबांसाठी जाड जाकीट बरोबर घ्या, त्या कड्यावर नदीवरचा वारा थेट अंगावर येतो.